हिशेब चुकला, बंदूक गेली

अमेरिकेत सैन्यातून परतलेल्या माणसाला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: घरातली बंदूक आणि बँकेचे चेकबुक. चेकबुक सांभाळता आले नाही, तर बंदूक जायची. उलटे मात्र होत नसे. बंदूक सांभाळता आली नाही म्हणून कुणाचे चेकबुक काढून घेतल्याचे ऐकिवात नाही.

थट्टा वाटेल, पण १९९८ पासून २०२४ पर्यंत तिथला सरकारी कारभार खरोखर असा चालला.

माजी सैनिकांसाठी तिथे एक अवाढव्य खाते आहे, ‘व्हीए’. दवाखाने, पेन्शन, अपंगत्वाचा भत्ता, मेल्यावर दफनाची जागा, सगळे तेच बघते. भत्ता घेणाऱ्या माणसाला स्वतःचे पैसे सांभाळता येत नाहीत असे कागदपत्रांवरून खात्याला वाटले, की त्याच्या घरी पत्र येते. ६० दिवसांत काय ते म्हणणे मांडा. मांडले नाही, किंवा मांडलेले पटले नाही, तर त्याच्या पैशांवर कारभारी नेमतात. बायको असते, मुलगा असतो, कुणीच नसले तर बाहेरचा माणूस असतो. इथवर तक्रारीला जागा नाही. म्हातारपणी विसर पडतो, डोक्याला मार लागलेला असतो, भत्त्यावर डोळा ठेवून बसलेले भाचे-पुतणे तिकडेही आहेतच. पैसे लुबाडले जाऊ नयेत म्हणून केलेली ही सोय.

पण त्याच पत्रात आणखी एक परिच्छेद असायचा. कारभारी नेमला गेला, तर यापुढे तुम्हाला बंदूक, पिस्तूल किंवा काडतूस जवळ ठेवता येणार नाही. नाव एफबीआयकडे जायचे. दुकानदार बंदूक विकण्याआधी ज्या सरकारी संगणकाला विचारतो, त्या ‘निक्स’मध्ये ते कायमचे बसायचे. कपाटात आजोबांच्या वेळची शिकारीची रायफल असेल, तर तीही गुन्ह्यात जमा.

हे त्रांगडे जमले कसे, ते थोडक्यात सांगतो. १९६८ चा कायदा सांगतो, अधिकृतपणे मनोरुग्ण ठरलेल्याला बंदूक नाही. १९९७ मध्ये त्याखाली नियम झाला. स्वतःचे व्यवहार बघण्याची कुवत नाही असे एखाद्या कोर्टाने, मंडळाने किंवा सरकारी अधिकाऱ्याने ठरवले, तरी तो माणूस त्यात धरायचा. १९९८ च्या नोव्हेंबरात संगणक सुरू झाला आणि व्हीएने आपली खातेवही त्यात रिकामी केली. न्यायाधीश नाही, सुनावणी मागितली तर खात्यातच, आणि निकालही खात्याचाच. पुढे २००८ मध्ये नाव काढून घेण्यासाठी अर्जाची सोय झाली. तो अर्ज कुणाकडे करायचा? ज्यांनी नाव घातले त्यांच्याकडेच.

माणूस तापट आहे का, कुणाला मारायची धमकी दिली आहे का, त्याची बायको रात्री दुसऱ्या खोलीला कडी लावून झोपते का, यातले काहीही तपासायची गरज नव्हती. विजेचे बिल भरता येते की नाही, एवढे पुरे. हा निकष महाराष्ट्रात लावून बघा. पगाराचे पाकीट न फोडता घरी देणारे, एलआयसीचा हप्ता कधी आहे ते बायकोला फोन करून विचारणारे, एटीएमचा पिन मुलीच्या मोबाइलमध्ये ठेवणारे असे शेकडो पापभीरू सद्गृहस्थ एका दमात धोकादायक ठरतील.

२०१५ मध्ये आयोवाचे सिनेटर चक ग्रासली यांनी सरकारला पत्र लिहून एक आकडा पुढे ठेवला. केंद्राच्या वेगवेगळ्या खात्यांनी मनोरुग्णांच्या रकान्यात जी नावे भरली, त्यातली ९९ टक्क्यांहून जास्त एकट्या व्हीएची होती. कळवण्याचे बंधन सगळ्याच खात्यांवर होते. बाकीच्यांकडे सगळे ठणठणीत असावेत.

आता यादीत कोण नव्हते ते बघा.

टेक्सासमध्ये सदरलंड स्प्रिंग्ज नावाचे खेडेगाव आहे. ५ नोव्हेंबर २०१७ च्या रविवारी तिथल्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना एक माणूस रायफल घेऊन शिरला. पोटातले एक बाळ धरून २६ जीव गेले. हा माणूस एकेकाळी हवाई दलात होता. २०१२ मध्ये लष्करी कोर्टाने त्याला एक वर्षाची कैद दिली होती. गुन्हा काय, तर बायकोला मारहाण आणि सावत्र तान्ह्या मुलाची कवटी फोडणे. मधल्या काळात तो मनोरुग्णालयातूनही पळाला होता. एवढ्या भांडवलावर त्याला आयुष्यात कधी बंदूक मिळायला नको होती. हवाई दलाने ती शिक्षा एफबीआयला कळवायची, एवढेच काम होते. राहून गेले. दुकानदाराने संगणकाला विचारले, संगणक म्हणाला माणूस स्वच्छ आहे.

एका खात्याने हिशेबात कच्चे असलेले म्हातारे वर्षानुवर्षे इमानेइतबारे कळवले, आणि दुसऱ्या खात्याला कवटी फोडणारा कळवायला सवड झाली नाही. २०२१ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी त्या हत्याकांडाची ६० टक्के जबाबदारी सरकारवर टाकली. सरकारने आधी अपील केले आणि २०२३ मध्ये साडेचौदा कोटी डॉलरच्या आसपास देऊन तडजोड केली. जबाबदारीची टक्केवारी काढता येते, हे आम्हाला त्या निकालामुळे कळले.

आता वॉशिंग्टनला जाऊ.

२५ ऑक्टोबर २०२३. सिनेटमध्ये लुइझियानाचे जॉन केनेडी आणि कॅन्ससचे जेरी मोरान यांची दुरुस्ती आली. व्हीएने कुणाचेही नाव परस्पर एफबीआयला द्यायचे नाही. हा माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असे न्यायाधीशाने म्हटले, तरच द्यायचे. दुरुस्ती ५३ विरुद्ध ४५ मतांनी मंजूर झाली. (हे केनेडी त्या केनेडी घराण्यातले नव्हेत. त्या जॉन केनेडींना ज्या रायफलने मारले ती टपालाने मागवलेली होती, आणि मागवणारा माजी मरीन होता. १९६८ चा कायदा झाला त्यामागे ती रायफलही होती. त्या कायद्याला पंचावन्न वर्षांनी भोक पाडणाऱ्याचे नाव पुन्हा जॉन केनेडी निघावे, हे कादंबरीत कुणी लिहिले असते तर आम्ही नाक मुरडले असते.)

त्याच दिवशी संध्याकाळी मेन राज्यातल्या लुइस्टन गावात एक माणूस आधी बोलिंगच्या अड्ड्यावर गेला, मग एका बारमध्ये. १८ जण मेले. मारणारा लष्कराच्या राखीव दलातला, नवख्या कॅडेटना हातबॉम्ब फेकायला शिकवणारा.

दुपारच्या मतदानामुळे संध्याकाळचे मुडदे पडले, असे कुणी सांगितले तर ते खोटे आहे. तो अजून नोकरीत होता, व्हीएच्या यादीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. ती दुरुस्ती पडली असती, तरी तो संध्याकाळी तिथेच गेला असता. यादी असो वा नसो, तिच्यात तो कुठेच बसत नव्हता, आणि रोग नेमका इथेच आहे.

त्याचा उन्हाळा कसा गेला ते चौकशी आयोगाच्या कागदात आहे. लोक आपल्याबद्दल घाणेरडे बोलतात असे त्याला ऐकू येत होते. जुलैमध्ये न्यूयॉर्कला सरावाला गेलेला असताना तो सोबत्यांच्या अंगावर गेला, त्यांनी त्याला दवाखान्यात नेले, तिथून मनोरुग्णालयात. दोन आठवडे. मग घरी. घरात बंदुका होत्याच. सप्टेंबरमध्ये त्याच तुकडीतल्या एका मित्राने वरिष्ठांना बजावून सांगितले की हा माणूस लोकांवर गोळ्या झाडणार. ही बातमी शेरीफच्या कार्यालयाकडे गेली. शेरीफचा माणूस घरी गेला, दार ठोठावले, आतून कुणी उघडले नाही, तो परत आला. बंदुका काढून घ्यायचे तेवढे घरच्यांनी बघावे असे ठरले. सव्वा महिना गेला आणि लुइस्टन झाले.

मेनमध्ये तेव्हा अशा प्रसंगासाठी कायदा होता. त्याची चाल अशी: पोलिसांनी आधी माणूस ताब्यात घ्यायचा, मग डॉक्टरने तपासायचा, मग न्यायाधीशाने आदेश द्यायचा, मग बंदुका. घाबरलेल्या बायकोला किंवा भावाला थेट कोर्टात जायची वाट नाही. माणसाने दार उघडले नाही की कायदा उंबऱ्यावर उभा. पोलिसांकडे त्याला ताब्यात घ्यायला पुरेसे कारण होते, असे आयोगाने नंतर स्पष्ट म्हटले. नंतर सगळेच स्पष्ट असते.

या सगळ्यात एकच यंत्रणा चोख चालली, आणि ती सरकारी नव्हती. ऑगस्टमध्ये तो बंदुकीच्या दुकानात आपण मागवलेला सायलेन्सर घ्यायला गेला. फॉर्मवर प्रश्न होता, तुम्हाला कधी मनोरुग्णालयात दाखल केले होते का? त्याने ‘हो’ अशी खूण केली. गल्ल्यावरच्या माणसाने फॉर्म वाचला आणि सायलेन्सर दिला नाही. लष्कर, शेरीफ, दवाखाना आणि एफबीआय यांना जे जमले नाही, ते एका विक्रेत्याला जमले. त्याने फॉर्म वाचला, बस्स.

तर केनेडी आणि मोरान यांचे ते कलम शेवटी २०२४ च्या मार्चमध्ये खर्चाच्या विधेयकाला चिकटून आले. रस्ते, धान्य, लष्कराच्या इमारती यांच्या शेजारी बसून ते पास झाले आणि बायडन यांनी सही केली. कनेटिकटचे डेमोक्रॅट सिनेटर ख्रिस मर्फी यांनी तेवढ्या एका कलमापायी विधेयकाविरुद्ध मत दिले. आधी गेलेली नावे काही त्या कलमाने परत आली नाहीत. एका बाजूने घटना वाचल्याचे पेढे, दुसऱ्या बाजूने घात झाल्याचे निवेदन. दोन्ही बाजूंचे वर्गणीचे ईमेल त्या आठवड्यात जोरात गेले असणार.

एवढ्या रणधुमाळीत ज्या आकड्यावर बोलायला हवे होते, तो एका कोपऱ्यात पडून राहिला. व्हीए तो स्वतःच दरवर्षी छापते. २०२२ या एका वर्षात ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केली. रोज सरासरी सतरा-अठरा. त्यातल्या दर चारांपैकी जवळपास तिघांनी बंदूक वापरली. बाकीच्या अमेरिकेत हे प्रमाण निम्म्याहून थोडे जास्त आहे. माथेफिरू माजी सैनिक बाजारात गोळ्या झाडतो, हे चित्र टीव्हीला आवडते. प्रत्यक्षात त्याच्या बंदुकीपासून सर्वांत मोठा धोका असतो तो त्याला स्वतःला, आणि तोही घरात.

बंदुकीला दुसरी संधी मान्य नाही. आत्महत्येचा बंदुकीने केलेला प्रयत्न दहापैकी जवळजवळ नऊ वेळा जिवावरच बेततो. इतर बऱ्याच मार्गांतून माणसे वाचतात, आणि वाचलेली बहुतेक माणसे पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. टेक्सासमधल्या ह्यूस्टनला मरता मरता वाचलेल्या तरुण माणसांना संशोधकांनी विचारले होते, जीव द्यायचे ठरल्यापासून प्रयत्न करेपर्यंत किती वेळ गेला? जवळपास चौथ्या हिश्शाचे उत्तर होते, पाच मिनिटांहून कमी. म्हणजे प्रश्न त्या पाच मिनिटांचा आहे. त्या वेळात बंदूक उशाशी आहे, की दोन गल्ल्या पलीकडे मित्राच्या तिजोरीत आहे, यावर माणूस जगतो किंवा मरतो.

हे इस्रायलच्या लष्कराला उमगले. तिथले तरुण सैनिक शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत घरी जाताना रायफल सोबत न्यायचे आणि सुट्टीतल्या आत्महत्या वाढल्या होत्या. २००६ मध्ये नियम झाला, रायफल तळावर ठेवून जा. आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी उतरल्या. उतरल्या त्या मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतल्या, आठवड्यातल्या दिवसांत विशेष फरक नाही. कुणाचे नाव कुठल्या यादीत गेले नाही, कुणाला मनोरुग्ण म्हटले नाही, कुणाचा कायमचा हक्क काढला नाही. आणि इस्रायलला शस्त्रांचे वावडे आहे असे त्यांचे शत्रूही म्हणणार नाहीत.

अमेरिकेने काय केले? २०११ च्या संरक्षण कायद्यात कलम घातले की सैनिकाच्या खासगी बंदुकीबद्दल लष्कराने माहिती विचारायची नाही. कमांडर त्याच सैनिकाच्या हातात मशीनगन देणार, त्याला रणगाड्यावर बसवणार. पण डोळे तारवटलेला पोरगा समोर उभा असताना ‘बाळा, घरी पिस्तूल आहे का?’ एवढे विचारायची त्याला चोरी. सैन्यातल्या वरिष्ठांनीच बोंब मारली, तेव्हा दोन वर्षांनी दुरुस्ती झाली आणि धोका दिसला तर विचारायला परवानगी मिळाली. विचारायला. काढून घ्यायला नाही.

बंदुकीवर तिथे किती श्रद्धा आहे, हे ख्रिस काइलच्या मरणावरून कळते. इराकमध्ये १६० जणांना टिपल्याची अधिकृत नोंद असलेला हा नेमबाज. त्याच्यावर क्लिंट ईस्टवूडने सिनेमा काढला. निवृत्तीनंतर काइल मनाने मोडलेल्या माजी सैनिकांना मदत करायचा. एका आईने आपल्या मुलाकडे बघा म्हणून त्याला गळ घातली. तो मुलगा काही दिवसांपूर्वीच व्हीएच्या दवाखान्यातून सुटलेला. काइलने त्याला मन मोकळे करायला कुठे न्यावे? २ फेब्रुवारी २०१३ ला तो त्याला टेक्सासमधल्या गोळीबाराच्या मैदानावर घेऊन गेला. तिथेच त्या मुलाने काइलला आणि त्याच्या मित्राला मारले. काइलच्या मनात माया होती, यात शंका नाही. पण मायेचा मार्ग म्हणूनही त्या संस्कृतीला पिस्तूलच सुचते.

आता माजी सैनिकाच्या बाजूने बघू. त्याला झोप लागत नाही, फटाका वाजला की तो टेबलाखाली जातो, दारू वाढली आहे. बायको म्हणते, डॉक्टरकडे जा. पण त्याच्या जुन्या सोबत्यांत एक गोष्ट पक्की रुजली आहे: व्हीएच्या डॉक्टरसमोर तोंड उघडलेस, की बंदूक गेलीच म्हणून समज. ही गोष्ट खोटी आहे. नुसते निदान झाले, औषध सुरू झाले, समुपदेशकाकडे बसलास, एवढ्याने नाव कधीच जात नव्हते. जायचे ते कारभारी नेमल्यावर. व्हीएने हे कितीदा सांगितले! पण खात्याचे परिपत्रक आणि बारमधली अफवा यांच्या शर्यतीत परिपत्रक कुठल्या देशात जिंकले आहे? त्यातून बंदूकवाल्या पुढाऱ्यांनी पंचवीस वर्षे व्यासपीठावरून ‘मदत मागितली म्हणून शिक्षा’ अशी आरोळी दिली. सैनिकाच्या हक्कासाठी ओरडता ओरडता त्यांनी सैनिकाला डॉक्टरपासून लांब ठेवले. यादीचा खरा तोटा हाच. ती धोकादायक माणसाला पकडत नव्हती, आणि दुखणाऱ्या माणसाला मात्र पळवून लावत होती.

म्हणून ती हिशेबाची यादी गेली याचे दुःख करायचे कारण नाही. चेकबुकावरून बंदूक काढणे हा मूर्खपणाच होता. या एका बाबतीत केनेडी आणि मोरान यांचे बरोबर आहे. हे वाक्य लिहिताना हात जरा अडखळला, पण बरोबर आहे.

चूक पुढच्या पावलात आहे: म्हणून कुणाची बंदूक थोड्या दिवसांसाठीही काढायची नाही, असे म्हणण्यात. आपल्याकडे निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना पोलीस ठाण्यातून निरोप जातो, बंदूक आणून जमा करा. सातारा-सांगलीकडचे किती माजी सैनिक बारा बोअर घेऊन बँकेच्या दाराशी उभे असतात. ती बंदूक म्हणजे त्यांची भाकरी, म्हणून त्यांना बहुधा सूट मिळते. बाकीचे पाटील-देशमुख कुरकुरत जातात, जमा केल्याची पावती खिशात घालतात आणि निकाल लागल्यावर बंदूक घरी आणतात. आपला कायदा वेगळा आहे, मान्य. आपल्याकडे बंदूक परवान्याने मिळते, तिकडे ती घटनेने मिळते. पण महिना-दोन महिने बंदूक दुसऱ्याच्या कपाटात ठेवल्याने कुणाचे पौरुष गळून पडत नाही, एवढे तरी आपल्या पोलीस ठाण्यांनी सिद्ध केले आहे.

अमेरिकेतल्या काही शहाण्या दुकानदारांनाही हे कळले आहे. न्यू हॅम्पशायरमधल्या एका दुकानातून २००९ मध्ये एका आठवड्यात तीन वेगवेगळ्या माणसांनी बंदुका नेल्या आणि काही तासांतच तिघांनीही स्वतःवर चालवल्या. दुकानदार हादरला. डॉक्टरांना सोबत घेऊन त्याने बाकीच्या दुकानदारांना समजवायला सुरुवात केली: गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघा. लुइझियानात, म्हणजे त्या केनेडींच्याच राज्यात, काही बंदूक दुकाने माजी सैनिकांच्या बंदुका वाईट दिवसांत सांभाळायला ठेवून घेतात. कुठल्या यादीत नाव नाही. बरे वाटले की घेऊन जा. व्हीएसुद्धा फुकट कुलपे वाटते, मागाल तितकी. पण त्या कुलपाची किल्ली त्याच माणसाच्या खिशात राहते.

जो आपण होऊन बंदूक ठेवायला येतो, त्याचे निभावते. जो दार उघडत नाही, त्याचे काय? त्याच्यासाठी वीसहून जास्त राज्यांत ‘रेड फ्लॅग’ कायदे आहेत. पोलिसांनी, आणि बऱ्याच राज्यांत घरच्यांनीही, न्यायाधीशाकडे जायचे, पुरावा ठेवायचा, न्यायाधीशाने काही काळापुरत्या बंदुका काढायच्या, माणसाचे म्हणणे ऐकायचे, मुदत संपली की परत द्यायच्या. इंडियानासारख्या रिपब्लिकन राज्यात हा कायदा २००५ पासून आहे. फ्लोरिडात तो २०१८ मध्ये शाळेतल्या हत्याकांडानंतर रिपब्लिकन गव्हर्नरनेच सही करून आणला. कनेटिकटमध्ये अभ्यास झाला. दर दहा ते वीस वेळा बंदुका काढल्या, की एक आत्महत्या टळली असे त्यात निघाले.

सिनेटमधल्या त्या दुरुस्तीत काय मागितले होते? न्यायाधीशाने सांगितल्याशिवाय बंदूक काढू नका. उत्तम. रेड फ्लॅग कायदा काय देतो? न्यायाधीश. मग न्यायाधीश मागणारा पक्ष न्यायाधीश समोर आला, की मागच्या दाराने का पळतो? वॉशिंग्टनमध्ये ‘न्यायाधीश हवा’ आणि राज्याराज्यांत ‘न्यायाधीश नको’, असे एकाच तोंडाने कसे म्हणवते, हे त्या मंडळींना एकदा कुणीतरी माईक धरून विचारावे. आणि डेमोक्रॅट मंडळींनीही म्हाताऱ्यांची खातेवही उराशी धरून बसणे सोडावे. तिने ना चर्चमधला माणूस थांबवला, ना बोलिंगच्या अड्ड्यावरचा.

मेनमध्ये हा प्रश्न लोकांनी पुढाऱ्यांवर सोडला नाही. शिकाऱ्यांचे राज्य आहे ते, हरणाच्या मोसमात निम्मे गाव नारिंगी जाकीट घालून रानात असते. गव्हर्नर जॅनेट मिल्स डेमोक्रॅट, पण जुनाच कायदा पुरेसा आहे असे म्हणत त्या नव्या कायद्याच्या विरोधात उभ्या राहिल्या. लुइस्टनला दोन वर्षे झाल्यावर, ४ नोव्हेंबर २०२५ ला, तो प्रश्न मतपत्रिकेवर आला: घरच्यांना बंदुका काढून घेण्यासाठी थेट न्यायाधीशाकडे जाता यावे का? मतदारांनी स्वच्छ बहुमताने ‘हो’ म्हटले.